ट्रेलरवर स्टेपनी कुठे आणि कशी बसवावी : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्याकडे एका अ‍ॅक्सलचा, दोन चाकांचा मालवाहू ट्रेलर आहे, स्टेपनी सध्या हौद्यात दोरीने बांधून ठेवलेली असते आणि ती आता पुढच्या दांड्यावर कायमची बसवायची आहे. त्यासाठी यू-बोल्टने आवळायचे तयार स्टँड घ्यावे, दांड्याला भोके पाडून ब्रॅकेट कसावे, की सरळ वेल्डिंग करून टाकावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. यू-बोल्टचे स्टँड घ्या, चाक दांड्याला समांतर उभे राहील असे बसवा आणि दांड्याला ना भोक पाडा ना टाका मारा. मात्र स्टँड विकत घेण्याआधी काही मापे घ्यावी लागतील, कारण बहुतेकांची चूक खरेदीच्या वेळी होते आणि ती पहिल्या अवघड वळणावर किंवा पहिल्या पंक्चरच्या वेळी उघड होते.

स्टेपनी हौद्यातून बाहेर काढण्याचा आपला विचार योग्यच आहे. ट्रेलरचे टायर बहुधा भरल्या मालाखाली फुटते, आणि नेमक्या त्याच वेळी स्टेपनी मालाच्या तळाशी असते. रस्त्याच्या कडेला अर्धा हौदा रिकामा करून चाक उपसणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत. शिवाय दोरीने बांधलेले चाक सतत घासत राहते, हौद्याचा रंग खरवडते, आणि दोरी झिजली की जोरात ब्रेक लागताच पुढच्या फळीवर आदळते.

आता वजनाचा हिशेब पाहू. दांड्यावर ठेवलेले वजन सगळेच्या सगळे हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्याच्या जोडणीवर, येते असा समज आहे. प्रत्यक्षात ते कपलर (दांड्याच्या टोकाचा, त्या गोळ्यावर बसणारा भाग) आणि अ‍ॅक्सल यांच्यात अंतराच्या प्रमाणात वाटले जाते. कपलरपासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे, चाक २० किलोचे व स्टँड ४ किलोचे आहे आणि हे सारे कपलरपासून ९० सेंटिमीटरवर बसवले आहे असे धरा. त्या २४ किलोंपैकी सुमारे १७ किलो कपलरवर येतील आणि उरलेले ७ किलो अ‍ॅक्सलवर जातील. हीच स्टेपनी ट्रेलरच्या शेपटाला, अ‍ॅक्सलच्या मागे १.२ मीटरवर लावली, तर कपलरवरचे वजन साडेनऊ किलोंनी कमी होईल. रिकाम्या हलक्या ट्रेलरचा दांडा मुळात तीसेक किलोंचाच भार देत असेल, तर हे एक तृतीयांश वजन गेल्यासारखे झाले, आणि असा ट्रेलर वेग वाढताच शेपूट हलवू लागतो. गाडीमागे गोळ्यावर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलरवर असावा, हा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून दांड्यावरची स्टेपनी बहुधा हिताचीच ठरते. मात्र गाडीच्या हिचवर लिहिलेली उभ्या भाराची मर्यादा आधीच गाठली गेली असेल, तर हौद्यातला माल थोडा मागे सरकवावा लागेल. ट्रेलर नेहमीसारखा भरून, कपलरखाली नेहमीच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा आणि त्याखाली साधा वजनकाटा ठेवून हा भार पाच मिनिटांत मोजता येतो. तो स्टँड बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजावा.

वजनापेक्षा जास्त घात करते ती वळणावरची जागा. ट्रेलर मागे घेताना गाडी आणि ट्रेलर यांच्यातला कोन तीव्र होत जातो, तसा गाडीच्या मागच्या बंपरचा कोपरा दांड्याकडे सरकतो. हा कोपरा हिचच्या गोळ्याभोवती एक वर्तुळ आखतो. बंपर १.८ मीटर रुंद आणि गोळा त्याच्या २५ सेंटिमीटर मागे असेल, तर त्या वर्तुळाची त्रिज्या ९३ सेंटिमीटरच्या आसपास येते. गणित करायचे नसेल तर एक दोरी घ्या, तिचे एक टोक गोळ्यावर धरा, दुसरे बंपरच्या कोपऱ्यापर्यंत ताणा, आणि तेवढीच दोरी आता दांड्याच्या दिशेने फिरवा. दोरी जिथवर पोचते तिथपर्यंतचा भाग कोपऱ्याच्या टप्प्यात आहे. स्टेपनी त्या पलीकडे बसत असेल तर उत्तम, पण आखूड दांड्यावर तेवढी जागा सहसा मिळत नाही, आणि तिथे चाकाची दिशा महत्त्वाची ठरते. सुमारे ६६ सेंटिमीटर व्यासाचे चाक दांड्याला आडवे, म्हणजे तोंड पुढे करून उभे केले, तर ते मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ३३ सेंटिमीटर बाहेर येते. गोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर असे चाक असेल, तर गाडी आणि ट्रेलर काटकोनात येण्याच्या जरा आधीच बंपर त्याला भिडतो. तेच चाक दांड्याला समांतर लावले तर त्याची जाडी २० सेंटिमीटरच असते आणि कोपऱ्याला बरीच मोकळीक राहते. ज्यांच्या गाडीला खाली पडणारे मागचे फाळके आहे, त्यांनी ते उघडून, ट्रेलर जोडलेला ठेवूनच माप घ्यावे. बंद फाळक्यावर घेतलेले माप फसवे असते.

त्याच दांड्यावर पुढचा टेकूचा जॅक असतो, हे मापाच्या वेळी हमखास विसरले जाते. जॅकचा हँडल पूर्ण फेरा घेतो का, फिरवताना बोटे टायरच्या कडेला घासतात का, आणि जॅक आडवा करून ठेवण्याच्या जातीचा असेल तर तो तसा पडतो का, हे जॅक प्रत्यक्ष फिरवूनच पाहावे. सेफ्टी चेन, ट्रेलर गाडीपासून सुटल्यास ओढली जाऊन त्याचा ब्रेक लावणारी तार आणि दिव्यांची वायर या तिन्हींना मोकळीक हवी. कपलरमध्येच ब्रेकची सरकती यंत्रणा असेल, तर तिच्या सरकण्याच्या भागावर काहीही आवळू नये. दुमडणारा दांडा असेल तर स्टँड बिजागरीपासून लांब हवे, आणि हौदा कलंडणारा असेल तर स्टँडचा कोणताही भाग एकाच वेळी दांड्याला आणि हौद्याला बांधलेला नसावा.

आता चाक आणि स्टँड यांची जुळणी. स्टँडच्या प्लेटवर स्टड असतात आणि त्यांची मांडणी चाकाच्या भोकांशी जुळली पाहिजे. चार, सहा किंवा आठ भोके असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांचे मध्य ते मध्य अंतर म्हणजेच पीसीडी, अर्थात सगळ्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. पाच भोकांना समोरासमोर जोडी नसते, म्हणून शेजारच्या दोन भोकांचे मध्य ते मध्य अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. भोकाचा मध्य डोळ्याने धरण्यापेक्षा एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. भोके सारखी असल्यामुळे अंतर तेच येते आणि चूक टळते. हे अंतर ६७ मिलिमीटर आले तर पीसीडी ११४.३, म्हणजे साडेचार इंच. पावणेएकाहत्तर ते एकाहत्तर आले तर १२०.६५, आणि साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास आले तर १२७, म्हणजे पाच इंच. पहिल्या दोहोंत शेजारच्या भोकांमध्ये चारच मिलिमीटरचा फरक आहे, म्हणून अंदाजाने स्टँड आणले की स्टड तिरके बसतात आणि आटे जातात. अनेक तयार स्टँडच्या प्लेटला लांबट खाचा असतात व त्यांत दोन-तीन पीसीडी बसतात. अशा स्टँडमध्ये स्टड खाचेत सरकणार नाहीत एवढे घट्ट आवळले जातात ना, हे आधी पाहावे. चाक अ‍ॅलॉयचे असेल तर त्याचा मधला भाग जाड असतो आणि स्टड आखूड पडतात. नट पूर्ण चढल्यावर स्टडचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

भोक आणि वेल्डिंग यांना माझा विरोध का आहे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण प्रश्नाचा गाभा इथेच आहे. ट्रेलरचा दांडा म्हणजे कपलर आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये टेकलेल्या तुळईचा पुढचा भाग. भाराने ही तुळई खाली झुकू पाहते, तेव्हा तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. हा ताण कपलरपाशी जवळजवळ शून्य असतो आणि मागे जावे तसा वाढत, दांडा चौकटीच्या पहिल्या आडव्या पट्टीला जिथे मिळतो तिथे दांड्यापुरता सर्वांत जास्त होतो. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात हा ताण वाढतो आणि ओसरतो, आणि पोलाद एका मोठ्या धक्क्याने क्वचितच तुटते. ते अशा हजारो लहान फेऱ्यांनी थकून तुटते. खालच्या पृष्ठभागावर पाडलेले भोक किंवा आडवा मारलेला टाका या थकव्याला सुरुवात करायला जागा देतो. वेल्डिंगच्या कडेला धातू तापून थंड झालेला असतो, तिथे बारीक खाच राहून जाते, आणि चीर नेमकी तिथूनच निघते.

माझ्याकडे एकदा असा ट्रेलर आला होता, ज्याच्या मालकाने स्टेपनीची प्लेट दांड्याच्या खालच्या बाजूने आरपार आडवा टाका मारून बसवून घेतली होती. त्याची तक्रार वेगळीच होती. दिवे मधूनच जातात म्हणून त्याने ट्रेलर आणला होता. वायर तपासण्यासाठी खाली झोपलो, तेव्हा टाक्याच्या कडेला केसाएवढी तांबूस रेघ दिसली. रंग खरवडल्यावर ती रेघ दांड्याच्या खालच्या पूर्ण रुंदीभर आणि एका बाजूने दोन बोटे वर चढलेली निघाली. गंजाचे पाणी चिरेतून झिरपून रंगावर उतरले होते, म्हणून ती दिसली तरी. दांडा बदलावा लागला. त्या मालकाला वेल्डिंग मजबूत झाले आहे याचीच खात्री होती, आणि तेही खरेच होते : टाका सुटला नव्हता, फाटला होता तो त्याच्या शेजारचा पाइप. त्या दिवसापासून स्टेपनीच्या कामासाठी दांड्याला आग लावायची नाही, हा माझा नियम आहे.

काही कारणाने भोकाला पर्यायच नसेल, तर ते दांड्याच्या उभ्या बाजूच्या मधोमध पाडावे, कारण तिथे ताण आणि दाब दोन्ही सर्वांत कमी असतात. आरपार बोल्ट टाकायचा असेल तर पाइपच्या आत नळी घालावी, म्हणजे आवळताना पाइप चेपणार नाही. आणि भोकाच्या कडा घासून त्यांवर झिंकचा रंग लावावा. गॅल्व्हनाइज्ड दांड्यावर वेल्डिंग करण्यात तर आणखी एक धोका आहे : जळत्या झिंकचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. आणि जिथे झिंक गेले, तिथे गंज सुरू झाला.

यू-बोल्टचे स्टँड घेताना त्याच्या बोल्टांचा आकार बघा. चौकोनी पाइपला चौकोनी यू-बोल्टच हवेत. गोल यू-बोल्ट चौकोनी पाइपवर दोन कोपऱ्यांवरच टेकतो, तिथे रंग खातो आणि काही दिवसांत ढिला पडतो. बोल्टची आतली रुंदी पाइपच्या रुंदीपेक्षा फार तर दोन-तीन मिलिमीटर जास्त असावी. दोन यू-बोल्टांमधले अंतर जितके जास्त, तितके स्टँड दांड्यावर कमी डुलते. ते हातभर नसले तरी निदान वीतभर असायलाच हवे. समांतर उभ्या चाकाचा मध्य दांड्यापासून ३५ सेंटिमीटर उंच असतो, आणि खड्ड्यात ते बाजूला हिसका देते तेव्हा हीच उंची तरफेसारखी काम करते. स्थिर उभे असताना २० किलोचे चाक कुठल्याही ब्रॅकेटला जड नाही, पण धक्क्याचा हिशेब मी नेहमी तिप्पट वजन धरून करतो. उभा खांब आणि तळाची प्लेट यांच्या सांध्याला त्रिकोणी आधारपट्टी असलेले स्टँड थोडे महाग पडले तरी घ्यावे. इंग्रजी ए अक्षरासारखा दोन तिरक्या दांड्यांचा ट्रेलर असेल, तर दोन्ही दांड्यांवर पाय टेकणारे आडवे स्टँड मिळाल्यास ते एकाच दांड्यावर लटकणाऱ्या स्टँडपेक्षा पुष्कळ बरे.

बसवण्याचे काम तासाभराचे आहे. ट्रेलर सपाट जागेवर उभा करून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. दांड्यावरून जाणारी वायर किंवा ब्रेकची नळी बाहेरून बांधलेली असेल तर ती आधी सोडवून बाजूला घ्यावी. यू-बोल्टखाली चेपलेली वायर हे दिवे जाण्याचे एक नेहमीचे कारण आहे. यू-बोल्ट जिथे टेकणार तिथे जाड रबराचे तुकडे घालण्याचा मोह टाळावा, कारण रबर दबत जाते आणि पकड ढिली होते. रंग वाचवायचा असेल तर पातळ प्लॅस्टिकची पट्टी पुरे. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर मात्र पोलाद आणि त्याच्यामध्ये नायलॉनची पट्टी हवीच, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. चारही नट आधी हाताने चढवावेत, मग आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. निर्मात्याने टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. दिलेला नसेल तर तीन मिलिमीटर जाडीच्या पाइपवर १२ मिलिमीटरचे यू-बोल्ट मी ४० ते ५० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतो. पाइपची भिंत आत झुकलेली दिसली तर पकड वाढत नाही, पाइप निकामी होतो. नायलॉनचे कडे असलेले नट वापरावेत. साधा नट आणि स्प्रिंग वॉशर एवढ्या थरथरीत टिकत नाही. चाकाच्या नटांची निमुळती बाजू नेहमी चाकाकडे असावी.

चाक लावताना हवेचा वॉल्व्ह बाहेरच्या बाजूला ठेवावा. ही गोष्ट बारीक वाटते, पण वॉल्व्ह स्टँडच्या मागे गेला की हवा तपासायला दर वेळी चाक उतरवावे लागते, आणि मग कोणी ते तपासतच नाही. स्टेपनीत टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरून ठेवावी, कारण कमी करणे रस्त्यावर सोपे असते, वाढवणे कठीण.

दांड्यावर जागाच नसेल तर काय, हेही थोडक्यात सांगतो. बंद ट्रेलरच्या आतल्या पुढच्या भिंतीवर चाक लावता येते, पण ब्रॅकेट भिंतीच्या उभ्या लोखंडी खांबांवर कसले पाहिजे, नुसत्या प्लायवर नाही. हौद्याच्या बाहेरच्या बाजूला लावल्यास रुंदी वाढते आणि रस्त्यावर ट्रेलर किती रुंद चालतो ती मर्यादा ओलांडण्याची शक्यता असते. चौकटीखाली तारेच्या विंचने लटकवणे दिसायला सुबक असते, पण तार चिखलाने गंजते, आणि पंक्चर होऊन ट्रेलर काही इंच खाली बसला की चाक बाहेर ओढायला जागा उरत नाही. ही व्यवस्था असेल तर एका चाकातली हवा काढून ती एकदा तपासावी. मागचा बंपर मी सहसा नाकारतो. अनेक राहत्या ट्रेलरांचा बंपर हा पातळ चौकोनी नळीचा असतो, आणि त्यावर डुलणारे चाक वर्ष-दोन वर्षांत सांधा तोडू शकते. शिवाय मागे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जाते. बोटीच्या ट्रेलरवर मात्र दांडाच योग्य, आणि तिथे जमल्यास चाकाबरोबर ग्रीस भरलेला जादा हबही त्याच स्टँडवर बसवावा. पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरची बेअरिंगे टायरांइतकीच दगा देतात.

उन्हात उभ्या असलेल्या स्टेपनीचे रबर चाललेल्या टायरपेक्षा लवकर कडक होते, म्हणून तिला आच्छादन घालावे, आणि वयाकडे लक्ष ठेवावे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांनी, खाचा खोल दिसत असल्या तरी, बदलावे असे मी सांगतो, आणि स्टेपनीलाही तोच हिशेब लावतो. चोरी टाळण्यासाठी एक कुलूपनट पुरेसा आहे. त्याच्या चावीच्या भोकात आणि आट्यांत वर्षातून दोनदा तेल सोडावे, नाहीतर गंजलेले कुलूप चोराइतकेच मालकालाही आडवे येते.

शेवटी एक काम घरीच करावे. माल भरलेला असताना एका चाकाखाली खरोखरच जॅक लावून, स्टेपनी स्टँडवरून उतरवून, बसवून पाहावी. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असे नाही, गाडीचा जॅक ट्रेलरच्या उंचीला पुरेलच असे नाही, आणि जॅक पाट्यांच्या शेजारी चौकटीखाली कुठे टेकवायचा, ते अंधारात शोधण्याची गोष्ट नाही. टॉर्शन जातीच्या, म्हणजे पाट्यांऐवजी नळीतल्या रबरावर चालणाऱ्या, अ‍ॅक्सलच्या नळीखाली जॅक कधीही लावू नये. तो चौकटीलाच लावावा. नंतर स्टेपनी परत चढवून पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट आणि चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण रंगाचा थर दबला की पहिली ढिलाई तेवढ्यातच येते. त्या वेळी दांड्यावर खडूने यू-बोल्टच्या दोन्ही कडांना रेघ मारून ठेवा. पुढच्या महिन्यात स्टँड रेघेवरून सरकले आहे की नाही, ते उभ्या उभ्या दिसेल.